पहिलं आरसी विमान: तयार घ्यावं की फोमबोर्ड कापून बनवावं?

आरसी, म्हणजे रिमोटने उडवायचं विमान शिकायचं तर हाय-विंग ट्रेनर (पंख बॉडीच्या वर असलेलं शिकाऊ विमान) घ्यायचा आणि तो इलेक्ट्रिकच घ्यायचा, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. नवा माणूस अडतो तो त्याच्या पुढच्या पायरीवर. डब्यातून काढून पंख बसवला की उडणारं तयार विमान घ्यावं, की स्टेशनरीच्या दुकानातून फोमबोर्डची (दोन कागदांमध्ये फोम असलेली) शीट आणून प्लॅनवरून स्वतः कापावं? या दोन्हींवर मी हात बसवला आहे आणि दोन्हींबद्दल मला प्रेम आहे. पण निवडायची वेळ आली तेव्हा एका गोष्टीने माझा निकाल लावला. ती सांगतोच, पण आधी तयार विमानाला त्याचं श्रेय देऊ.

तयार विमानाची खरी किंमत त्याच्या देखणेपणात नाही, ती त्याच्या खात्रीत आहे. ते कारखान्यातच जुळवलेलं असतं. पंख सरळ असतो, मोटरचा कोन बरोबर असतो, बॅटरी ठरलेल्या खोबणीत ठेवली की सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) आपोआप जागेवर येतो. म्हणजे विमान डावीकडे कलायला लागलं, तर बहुतेक वेळा चूक हाताची असते आणि ती हातानेच सुधारायची असते. घरी बनवलेल्या विमानात हाच गोंधळ होतो. ते कललं, तर पंखाला पीळ आहे, शेपटी तिरकी चिकटली आहे, की आपणच रिमोटची स्टिक जास्त ओढली, हे नव्या माणसाला कळायला मार्ग नसतो. शिकताना एका वेळी एकच अनोळखी गोष्ट असावी, हा तयार विमानवाल्यांचा मुद्दा मला आजही पटतो.

त्यात हल्लीच्या बऱ्याच तयार विमानांत जायरो असतो. स्टिक सोडली की विमान स्वतःच सरळ होतं. पहिल्या लँडिंगला त्याचा फार आधार वाटतो. माझा अनुभव असा, की जायरो लवकर बंद करून उडवायला लागलं तरच रडरचा (शेपटीवरच्या उभ्या, हलत्या पट्टीचा) हात तयार होतो. पण प्रत्येकाची शिकण्याची पद्धत वेगळी, आणि शाळकरी मुलाला त्या आधारामुळेच गोडी लागत असेल तर जायरो खुशाल चालू ठेवावा.

आता ती गोष्ट. शिकणाऱ्याचं विमान नाकावर पडतं. कितीही जपा, ते पडतंच. माझ्या तयार विमानाचं नाक मोटरच्या मागे चेपलं, तेव्हा मोडलेला भाग मुठीत मावेल एवढा होता. दुकानदाराला फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘सर, नुसतं नाक येत नाही, अख्खी बॉडी मागवावी लागेल. आणि सध्या स्टॉक नाही.’ मोल्ड केलेल्या फोमच्या विमानाची बॉडी अखंडच विकली जाते. तिचे तुकडे विकायला सहसा कुणी ठेवत नाही. चिकटवून पाहिलं. उडालंही. पण मोटर बसवायचा प्लास्टिकचा भाग त्या धक्क्यात तडकला होता आणि त्याची भोकं दुसऱ्या कुठल्याच माउंटला जुळत नव्हती. थ्रॉटल दिला, म्हणजे मोटरचा वेग वाढवला, की विमान एका बाजूला ओढायचं. ज्या खात्रीसाठी तयार विमान घेतलं होतं, तीच गेली.

हे सगळं घडलं डिसेंबरात. पुण्याच्या आसपास उडवायचे खरे दिवस म्हणजे ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. सकाळी साडेसहा-सातला मैदानावर पोचायचं. नऊनंतर वारा उठतो आणि नवशिक्याने गाशा गुंडाळायचा. मार्चपासून ऊन आणि वारा, जूनपासून पाऊस. अशा मोजक्या सकाळींत विमान सुट्या भागाची वाट बघत माळ्यावर पडून राहतं, हे मला विमान मोडण्यापेक्षा जास्त लागलं. हात बसायला लागलेला असतो तेव्हाच नेमका खंड पडतो, आणि मग पुन्हा मागे जाऊन सुरुवात करावी लागते.

स्वस्तातल्या छोट्या तयार विमानांत आणखी एक अडचण असते. त्यांच्यात रिसिव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग), ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि बऱ्याचदा सर्वोसुद्धा (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) एकाच छोट्या बोर्डवर असतात. वजन वाचतं, हे खरं. पण एक सर्वो गेला की सगळंच गेलं.

फोमबोर्डचं गणित इथे उलटं आहे. विमानाचा आतला ऐवज तुमचा कायमचा: 2212 आकाराची मोटर, 30 अँपिअरचा ईएससी, 9 ग्रॅमचे सर्वो, 3एस (तीन सेलची) 2200 एमएएचची बॅटरी, आणि फ्लायस्काय एफएस-आय6सारखा सहा चॅनलचा ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट. पैसे यात जातात. बाहेरचं विमान म्हणजे दोन-तीन शीट, हॉट ग्लूच्या काड्या, बांबूच्या कबाबकाड्या आणि रबरबँड. पडलं, मोडलं, तर नाकाचा तुकडा त्याच संध्याकाळी प्लॅनवरून पुन्हा कापायचा. शनिवारी मोडलेलं विमान रविवारी सकाळी मैदानावर असतं.

बनवणंही वाटतं तेवढं अवघड नाही. एलिव्हेटरचं, म्हणजे शेपटीवरच्या वर-खाली हलणाऱ्या आडव्या पट्टीचं, बिजागर घ्या. शीटच्या खालच्या बाजूने कागद आणि फोम कटरने कापायचा, वरचा कागद शाबूत ठेवायचा. मग कापलेली कड 45 अंशांत तिरकी तासायची, म्हणजे एलिव्हेटरला खाली वळायला जागा होते. तो उरलेला कागद हेच बिजागर. वरून टेपची एक पट्टी मारली की सीझनभर टिकतं. कटरचं पान मात्र नवं हवं. बोथट पात्याने फोम कापला जात नाही, उचकटला जातो.

मला सर्वांत आवडते ती पॉवर पॉडची युक्ती. अमेरिकेतल्या फ्लाइट टेस्टच्या मंडळींनी ती लोकप्रिय केली आणि त्यांच्या बऱ्याच विमानांचे प्लॅन मोफत मिळतात. मोटर विमानाला चिकटवायचीच नाही. ती फोमच्या छोट्या खोक्यावर प्लायच्या तुकड्याला स्क्रूने बसवायची, आणि ते खोकं दोन कबाबकाड्या आरपार घालून नाकात अडकवायचं. विमान आपटलं की काड्या मोडतात, मोटर वाचते. शिवाय तोच पॉड काढून दुसऱ्या विमानात जातो.

फोमबोर्डच्या अडचणीही सांगायला हव्यात. ते अमेरिकी प्लॅन तिथल्या फार हलक्या बोर्डवर बेतलेले आहेत. आपल्याकडच्या फोमबोर्डचा कागद जाड असतो, त्यामुळे तसंच कापलं तर विमान जड होतं आणि जड विमान वेगाने उतरतं, जे नवशिक्याला नको असतं. मी आतल्या बाजूचा कागद सोलून काढतो. ओल्या फडक्याने पुसला की सुटतो. सनबोर्ड म्हणून मिळणारी पीव्हीसी शीट तर घेऊच नये, ती त्याहून जड. डेप्रॉन (बिनकागदाची हलकी फोमशीट) मिळाला तर उत्तम, पण त्याला साधं फेविक्विक लावलं तर फोम विरघळतो. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि सुटायला लागतो, म्हणून कडांना टेप हवीच. आणि सीजी दर वेळी स्वतः तपासायचा: पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर दोन बोटांवर विमान तोलायचं, नाक किंचित खाली झुकलेलं असलं की बरं. शेपूट जड राहिलं तर ते हाताळणं मुरलेल्यालाही अवघड जातं.

‘चूक हाताची की विमानाची’ या कोड्याला माझ्या मते एकच उत्तर आहे: पहिलं उड्डाण मैदानावरच्या जाणत्या माणसाच्या हातून करून घ्यायचं. तो ट्रिम करून देतो, म्हणजे स्टिक सोडल्यावर विमान सरळ उडेल असं जुळवून देतो, आणि मग घरचं विमानही तयार विमानाइतकंच विश्वासाचं होतं. असं कुणीच जवळ नसेल, तर पारडं तयार विमानाकडे झुकतं, हे मान्य करतो.

बाल्साबद्दल, म्हणजे हलक्या लाकडाच्या विमानांबद्दल, थोडंच. बाल्साच्या विमानाइतकं सुंदर उडणारं काही नाही. पण एक पंख उभा करायला आठवडे जातात आणि तो मोडला की शिकायचं सोडून माणूस तो वाचवायला लागतो. दुसरं किंवा तिसरं विमान म्हणून जरूर करावं.

नियम दोन्हींना सारखेच. 2021च्या ड्रोन नियमांत ही विमानंही येतात. असं विमान साधारण 250 ग्रॅम ते 2 किलोच्या मायक्रो गटात पडतं आणि हौसेसाठी उडवताना पायलट प्रमाणपत्र लागत नाही. मात्र सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन पोर्टलवरचा नकाशा आधी बघावा. पुण्यात लोहगावचा आणि नाशकात ओझरचा विमानतळ असल्यामुळे रिकामं दिसणारं प्रत्येक मैदान मोकळं नसतं.

तर कुणी काय घ्यावं? हाताशी जाणता माणूस नाही, वेळ फक्त रविवारचा आहे, बनवण्यात रस नाही, अशा माणसाने तयार विमान घ्यावं. तो चुकणार नाही. बाकीच्यांना मी फोमबोर्डच सुचवीन. सगळ्यात आधी ट्रान्समीटर घ्या, तो कॉम्प्युटरला जोडून पिकासिमसारख्या मोफत सिम्युलेटरवर विमान समोरून येताना डावं-उजवं उलटं होतं ते अंगवळणी पाडा, आणि तेवढ्यात शीट कापायला घ्या. तरीही मन तयार विमानाकडेच ओढत असेल, तर पैसे देण्याआधी दुकानदाराला मोटर माउंट, प्रोपेलर आणि शेपटीचा सेट काउंटरवर काढून दाखवायला सांगा. ‘मागवून देऊ’ असं उत्तर आलं, तर दुसरं मॉडेल बघा.