सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर विकताना घेतलेली एजंटची सेवा

अंधेरी आरटीओच्या परिसरात प्रवासी वाहनांच्या हस्तांतरणाची कामे करणारे एक लहानसे कार्यालय आहे. माझी पिवळ्या पाटीची १७ आसनी टेम्पो ट्रॅव्हलर विकताना मी त्यांची सेवा घेतली. गिऱ्हाईक मी स्वतःच शोधले होते. त्यांच्याकडे सोपवले ते फक्त गाडी दुसऱ्याच्या नावावर करून देण्याचे काम, आणि ते त्यांनी चोख केले. किमतीच्या बाबतीत मात्र त्यांचा सल्ला फारसा उपयोगी पडला नाही.

या गाडीचे गिऱ्हाईक घरगुती नसते. ज्याला शिर्डी, अष्टविनायक किंवा गणपतीत कोकणच्या फेऱ्या मारायच्या आहेत, असा धंदेवाईक माणूसच ती घेतो, आणि त्याचा पहिला प्रश्न रंगाबद्दल नसून पासिंगबद्दल, म्हणजे गाडीच्या योग्यता प्रमाणपत्राबद्दल असतो. व्यावसायिक वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र पहिली आठ वर्षे दोन-दोन वर्षांसाठी मिळते आणि त्यानंतर दरवर्षी काढावे लागते. शिवाय महाराष्ट्रात आठ वर्षांनंतर पर्यावरण कर भरावा लागतो. त्यामुळे आठ वर्षांच्या अलीकडची आणि पलीकडची गाडी यांच्या भावात जो फरक पडतो, तो किलोमीटरच्या आकड्याने भरून निघत नाही. पासिंग संपत आले असेल तर ते आधी करून घ्या आणि मगच गाडी दाखवा, असे एजंटने सुचवले. खर्च झाला, पण त्यामुळे खरेदीदाराला गाडी रस्त्यावर निर्धास्तपणे चालवून पाहता आली. त्याने सोबत आणलेल्या मेकॅनिकने इंजिनापेक्षा पाटे (चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगा) आणि पायदानाखालचा पत्राच अधिक वेळ तपासला, आणि ते योग्यच होते. मुंबईच्या दमट हवेत उघड्यावर उभी राहणारी गाडी खालूनच गंजते.

या कार्यालयाचे मोठेपण त्यांच्या एका नियमात आहे: कोऱ्या फॉर्मवर सही घ्यायची नाही. जुन्या गाड्यांचे अनेक व्यापारी मालकी बदलण्याच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर विकणाऱ्याची सही घेऊन ठेवतात, खरेदीदाराची जागा रिकामी सोडतात आणि पुढचे गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाडी जुन्याच मालकाच्या नावावर फिरवतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार गाडी राज्यातल्या राज्यात विकली तरी विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते. शिवाय नोंदणीत ज्याचे नाव आहे, तोच अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात मालक मानला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. त्या प्रकरणातली गाडी तर अपघातापूर्वी अनेक हातांतून गेलेली होती. सतरा माणसे वाहून नेणाऱ्या गाडीच्या बाबतीत ही जोखीम किती मोठी ठरते, हे वेगळे सांगायला नको. इथे खरेदीदाराचे नाव, पत्ता आणि तारीख समोर भरल्यावरच माझी सही घेतली गेली.

परमिट गाडीबरोबर आपोआप जात नाही. त्याच्या हस्तांतरणाला परिवहन प्राधिकरणाची परवानगी लागते. ही बाब त्यांनी बोलणी पक्की होण्यापूर्वीच दोन्ही बाजूंच्या कानांवर घातली. बँकेचा बोजा उतरवण्यासाठीचा ३५ नंबरचा फॉर्म, थकीत ई-चलने, कराच्या पावत्या, २०१९ च्या एप्रिलपूर्वीच्या गाडीला लागणारी उच्च सुरक्षा क्रमांकपाटी, हे सगळे त्यांनी विसार घेण्याच्या आधी तपासले. सरकारी शुल्क आणि स्वतःची मजुरी त्यांनी वेगवेगळी लिहून दिली व सरकारी पावत्यांच्या प्रती हातात ठेवल्या. ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहायला लावली, कारण त्याच दिवशी संध्याकाळी एखादे चलन फाटले तर ते कोणाचे यावर वाद नको.

किमतीच्या अंदाजात मात्र त्यांनी केवळ वर्ष आणि किलोमीटर पाहिले. पुशबॅक सीट, नुकताच बदललेला एसीचा कॉम्प्रेसर, सुस्थितीतले टायर यांना त्यांच्या हिशेबात काहीच मोल नव्हते. भाव विचारायचा असेल तर बोरिवली-दहिसरकडच्या, स्वतः ट्रॅव्हलर चालवणाऱ्या दोन-तीन टुरिस्टवाल्यांना विचारावा. मला त्यांचाच अंदाज व्यवहाराच्या जवळचा वाटला. आणखी एक गैरसोय म्हणजे दुपारपर्यंत यांचा फोन कोणी उचलत नाही. माणूस खिडकीवर रांगेत उभा असतो हे समजते, तरी उलट फोन यायला हवा.

खरेदीदार परराज्यातला असेल तर ना हरकत प्रमाणपत्राचे काम वाढते आणि मजुरीही वाढते, तेव्हा तो आकडा आधी ठरवून घ्यावा. पैसे बँक खात्यात जमा झाल्याखेरीज किल्ली देऊ नये, आणि पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला सांगणाऱ्याशी बोलणेच थांबवावे. पैसे स्वीकारण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही. फास्टॅग बंद करणे आणि विमा कंपनीला विक्री कळवणे ही दोन कामे हे कार्यालय करत नाही. ती मालकाने स्वतः, गाडीचा ताबा दिला त्याच दिवशी उरकावीत.