डेबियनच्या भांडारातले पॅकेज की फ्लॅटपॅक?

डेबियन या लिनक्स प्रणालीवर प्रोग्रॅम बसवायला तिच्या स्वतःच्या भांडारातले तयार पॅकेज घेता येते किंवा फ्लॅटपॅक ही वेगळी पद्धत वापरता येते. भांडारातून घेतलेला प्रोग्रॅम संगणकावरच्या सामाईक लायब्रऱ्या (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ते तयार कोडचे भाग) वापरतो, त्यामुळे तो आटोपशीर असतो आणि होम फोल्डरमधली कोणतीही फाइल बिनतक्रार उघडतो; मात्र २०२३ च्या डेबियन १२ मध्ये लिब्रेऑफिस या ऑफिस-संचाची ७.४ ही आवृत्ती आली आणि त्या डेबियनमध्ये मुळात तीच राहिली.

फ्लॅटपॅक ताजी आवृत्ती देते, पण सोबत शेकडो एमबींचा रनटाइम (प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या लायब्रऱ्यांचा संच) उतरवते आणि प्रोग्रॅमला कुंपणात ठेवते, म्हणजे परवानगीशिवाय बाहेरच्या फाइलींना हात लावू देत नाही. खरा मनस्ताप इथेच आहे. दुसऱ्या डिस्कवरचे चित्र खिडकीत ओढून टाकावे, तर कधीकधी ‘फाइल सापडली नाही’ एवढाच संदेश येतो. फाइल डोळ्यांसमोर असते, नसते ती परवानगी, आणि नेमके तेच सांगितले जात नाही. वापरणाऱ्याची अशी दिशाभूल मला गंभीर दोष वाटतो. फ्लॅटसील या परवानग्या बदलण्याच्या प्रोग्रॅममधून परवानगी देता येते, पण तेही वेगळे बसवावे लागते. रोजच्या कामासाठी म्हणूनच मी भांडारातले पॅकेज निवडतो.