एक दशांश डाकोटासाठी इंजिन निवडताना: २० सीसी, ३० सीसी, फोर-स्ट्रोक की इलेक्ट्रिक?

दोन इंजिनांचं मोठं आरसी (रेडिओ-कंट्रोल) विमानाचं मॉडेल बांधायला घेतलं की सगळे आधी ताकदीचं विचारतात. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला असा, की टेकऑफनंतर वीस-तीस फुटांवर, वेग अजून जेमतेम असताना, एक इंजिन बंद पडलं तर काय होईल? दोन इंजिनं असली की त्यातलं एखादं बंद पडण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते. आणि एक बंद पडल्यावर दुसरं पूर्ण जोरात चालू राहिलं, तर तेच विमानाला आडवं फिरवतं. त्यामुळे प्रत्येक पर्याय मी आधी याच कसोटीवर पाहिला आहे.

मोघम बोलून उपयोग नाही, म्हणून एक ठरावीक विमान धरू: डीसी-३, म्हणजे आपली डाकोटा. मूळ विमान १७ डिसेंबर १९३५ ला प्रथम उडालं. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटची पहिली तुकडी श्रीनगरला उतरली ती डाकोटांमधूनच. भारतीय हवाई दलाकडे २०१८ मध्ये आलेली ‘परशुराम’ नावाची डाकोटा, क्रमांक व्हीपी ९०५, पाहिल्यापासून अनेकांच्या मनात हे मॉडेल घर करून आहे. त्यांच्यासाठीच हे लिहितोय.

मूळ विमानाच्या पंखांची लांबी सुमारे ९५ फूट. एक दशांश प्रमाणात ती २.९ मीटर होते आणि वजन बांधणीनुसार १० ते १२ किलोपर्यंत जातं. ‘ड्रोन नियम २०२१’ मध्ये छंदासाठीच्या मॉडेलला २५ किलोची मर्यादा आहे, तेव्हा तिथे अडचण नाही. अडचण दुसरीकडे आहे. मूळ डाकोटात इंजिनाचा मध्य विमानाच्या मध्यरेषेपासून सुमारे सव्वानऊ फुटांवर आणि प्रोपेलरचा व्यास सुमारे साडेअकरा फूट. प्रोपेलरचं टोक आणि विमानाचं अंग यांत फार थोडं अंतर उरतं. हेच मॉडेलवर मांडा: मध्यरेषेपासून इंजिन २८ सेंटिमीटरवर आणि प्रोपेलर १४ इंचांच्या आतबाहेर. इंजिनाची खरेदी या दोन आकड्यांनी ठरते, जाहिरातीतल्या हॉर्सपॉवरने नाही.

३० सीसीचा पर्याय इथेच बाद होतो. डीएलई-३० सारख्या इंजिनाला १८ ते २० इंची प्रोपेलर लागतो. १८ इंची प्रोपेलरची त्रिज्याच जवळपास २३ सेंटिमीटर, म्हणजे त्याचं टोक सरळ विमानाच्या अंगात घुसेल. समजा मॉडेल मोठं करून तो बसवलाच, तरी गरजेपेक्षा जास्त जोर जुळ्या इंजिनांच्या विमानात धोकाच वाढवतो. एक बंद पडल्यावर उरलेल्याचा जोर जितका जास्त, तितकं विमान झपाट्याने वळतं आणि रडरची, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूची, ताकद तितक्याच लवकर अपुरी पडते. ‘असू दे थोडं जास्त’ हा एका इंजिनाच्या विमानातला शहाणपणा इथे आणू नका.

२० सीसी पेट्रोल टू-स्ट्रोक मात्र विचार करण्यासारखं आहे. डीएलई-२० ला कंपनी अडीच हॉर्सपॉवर सांगते. अशी दोन इंजिनं १२ किलोच्या डाकोटाला भरपूर झाली. पुण्यासारख्या ५६० मीटर उंचीच्या ठिकाणी पाच-सहा टक्के ताकद कमी मिळते, एप्रिल-मेच्या दुपारी आणखी थोडी, तरी फरक पडत नाही. याला एरवी १६ इंची दोन पात्यांचा प्रोपेलर लावतात, पण डाकोटावर तोही मावत नाही. तीन पात्यांचा, दोन इंच लहान प्रोपेलर घ्या. मूळ विमानालाही तीनच पाती होती, त्यामुळे रूपही खुलतं. काउलकडे, म्हणजे इंजिनावरच्या गोल आवरणाकडे, मात्र आधी टेप घेऊन जा. मूळ इंजिनाचा व्यास ४८ इंच, म्हणजे मॉडेलमधलं काउल त्याहून किंचित मोठं, १३-१४ सेंटिमीटरचं. एका सिलिंडरचं इंजिन उलटं बसवलं तरी प्लगचं टोक बहुधा काउलच्या बाहेर येतं आणि तिथे कापावं लागतं. मफलरचं तोंडही आधीच ठरवून ठेवावं लागतं.

पेट्रोलच्या बाजूने सर्वात मोठी गोष्ट म्हणजे हातात वेळ असतो. पंधरा मिनिटं आरामात उडता येतं, टाकी भरली की पुन्हा तयार. विरुद्ध बाजूला आपल्याकडचं इंधन आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमुळे कार्ब्युरेटरची, इंधनाचं प्रमाण ठरवणारी सुई थोडी जास्त उघडावी लागते, त्यातले पातळ पडदे (डायफ्राम) कडक होतात, आणि पावसाळ्यात टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल दमट हवेतून पाणी ओढतं. एका इंजिनाचा पडदा दुसऱ्याच्या आधी कडक झाला, तर दोघांची चाल बिघडते आणि तीही हळूहळू, लक्षात न येता. पेट्रोलवर जायचं असेल तर पडदे दरवर्षी दोन्ही इंजिनांत एकदमच बदला. दिवस संपला की टाक्या रिकाम्या करा आणि कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवा. हे नियमाने करणार नसाल तर पेट्रोल नको.

फोर-स्ट्रोकचा, उदाहरणार्थ साइटोच्या एफजी-२१ चा, आवाज डाकोटाला शोभतो यात शंका नाही. कमी फेऱ्यांवर तो खोल घुमतो. पण उंची जास्त असल्यामुळे काउल अधिक कापावं लागतं, व्हॉल्व्हचं अंतर तपासत राहावं लागतं आणि खर्चही जास्त. दोन इंजिनं म्हणजे हे सगळं दोनदा. आवाजासाठी जीव टाकणाऱ्यांनी जरूर घ्यावं, बाकीच्यांना मी सुचवणार नाही. ग्लो इंजिनांचा, म्हणजे मेथॅनॉल-नायट्रोमिथेनच्या मिश्रणावर चालणाऱ्यांचा, विचार या आकारात सोडून द्या. मेथॅनॉलच्या विक्रीवर निर्बंध आहेत, नायट्रोमिथेन मिळणं कठीण, आणि इंधन पिण्याचा वेग पाहता दोन मोठी ग्लो इंजिनं परवडत नाहीत.

आता इलेक्ट्रिक. १० किलोच्या, संथ उडणाऱ्या वाहतूक विमानाला किलोमागे २०० ते २५० वॅट पुरतात, म्हणजे प्रत्येक मोटरला १००० ते १२५० वॅट. सहा सेलच्या लायपोवर (लिथियम-पॉलिमर बॅटरीवर) ४०० केव्हीच्या (इथे केव्ही म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला फेऱ्या) आसपासची मोटर आणि १४ इंची तीन पात्यांचा प्रोपेलर हे गणित नीट बसतं. पूर्ण थ्रॉटलला प्रत्येक बाजूला ५०-५५ अँपिअर, सरासरी मात्र २५ च्या जवळपास. प्रत्येक मोटरमागे ५००० एमएएचचा पॅक धरला आणि त्याचे ८० टक्के वापरले, तर साडेनऊ मिनिटं होतात, त्यातली सात-आठ सुरक्षित धरा. मोटर छोटी असल्यामुळे काउल अखंड राहतं, पुढे खोट्या सिलिंडरांचा देखावा लावता येतो. त्यातून हवा जायला जागा ठेवा, नाहीतर मोटर तापते. पॅक नाकात ठेवले की तोल साधायला शिसं कमी लागतं.

माझ्या कसोटीवर इलेक्ट्रिक सरळ पुढे आहे: मोटर थंडी पडून किंवा सुई बिघडून बंद पडत नाही. पण एक छुपा धोका आहे. प्रत्येक मोटरला वेगळा पॅक असेल आणि एक पॅक जुना असेल, तर त्या बाजूचा ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारं उपकरण) कमी व्होल्टेजमुळे आधी मोटर थांबवतो. इंजिन बंद पडल्यासारखंच झालं! म्हणून दोन्ही पॅक समांतर जोडून दोन्ही ईएससींना एकत्र पुरवठा द्या. सगळंच संपलं तर दोन्ही मोटर एकदम थांबतील, आणि सरळ तरंगत खाली येणारं विमान वाचवता येतं. ईएससी बॅटरीजवळ ठेवून मोटरकडच्या तारा लांब करा. रिसीव्हरला वीज वेगळ्या बॅटरीतून द्या.

माझा कौल स्पष्ट आहे. पहिलंच जुळ्या इंजिनांचं विमान असेल, मैदानाजवळ वस्ती असेल किंवा महिन्यातून एखादाच रविवार मिळत असेल, तर इलेक्ट्रिक घ्या. पेट्रोलची सवय असलेला, निगराणी मनापासून करणारा आणि दर आठवड्याला उडवणारा माणूस असेल, तर २० सीसी. तीही दोन्ही एकाच वेळी घेतलेली आणि एकाच स्टँडवर, सारख्याच इंधनावर चालवून सैल केलेली. एक नवं आणि एक जुनं अशी जोडी कधीही लावू नका.

पेट्रोल निवडलंत तर दोन्ही थ्रॉटलना वेगळे सर्वो (थ्रॉटल हलवणाऱ्या छोट्या मोटर) आणि रेडिओवर वेगळे चॅनल द्या. टॅकोमीटरवर (फेऱ्या मोजणाऱ्या यंत्रावर) दोन्ही इंजिनं मधल्या थ्रॉटललाही जुळवा, फक्त पूर्ण थ्रॉटलला नाही. सुई कमाल फेऱ्यांपेक्षा थोड्या कमी फेऱ्यांवर, म्हणजे जरा जास्त इंधनावर ठेवा, कारण हवेत इंजिनाला मिळणारं इंधन कमी होऊ लागलं तर आवाजावरून ते उशिरा कळतं. मग नाक वर धरून दोन्ही इंजिनं पूर्ण थ्रॉटलवर मिनिटभर चालवून पाहा. पहिल्या उड्डाणाआधी रनवेवर वेग घेत असताना एका बाजूचा थ्रॉटल मुद्दाम कमी करा आणि रडर किती वेगाला विमान सरळ धरून ठेवू लागतो ते बघून ठेवा. तो वेग ओलांडेपर्यंत विमान जमिनीवरून उचलायचं नाही.