वर्डरेफरन्सवर स्पॅनिश शब्द शोधताय? पहिल्या ओळीवर थांबू नका

इंग्रजी नामाला नेमका स्पॅनिश शब्द हवा असेल तर वर्डरेफरन्स ही 1999 पासूनची फुकट ऑनलाइन डिक्शनरी आधी उघडावी. शब्दाचा कोणता अर्थ धरला आहे, हे ती कंसात बारीक अक्षरांत सांगते. खरा माल त्या कंसातच असतो, आणि घाईत नेमका तोच वाचला जात नाही. 'कॉर्नर' घ्या: रस्त्याचा कोपरा 'एस्किना', खोलीच्या आतला 'रिंकोन'. नागपुरात व्हरायटी चौकाच्या कॉर्नरवर कुणाला बोलवायचं तर एस्किनाच हवा.

नागपूरकरांसाठी खरी परीक्षा संत्र्याची. 'ऑरेंज' टाकलं की 'नारांखा' येतं आणि ते चूकही नाही. पण नारांखा म्हणजे सायट्रस सिनेन्सिस, घट्ट सालीचं, आपल्या मोसंबीच्या जातीचं फळ. नागपुरी संत्रं सायट्रस रेटिक्युलाटा. साल सैल, फोडी बोटांनी सुटतात. स्पॅनिशमध्ये ते 'मांदारीना'. काटोल-कळमेश्वरच्या मालाच्या माहितीपत्रकात नुसतं नारांखा छापलं, तर समोरचा वेगळंच फळ समजून बसेल. घोळ इंग्रजीच्या वाटेचा आहे: मराठीत संत्रं आणि मोसंबी वेगळी, 'ऑरेंज'मध्ये दोन्ही एकाच टोपलीत. इथे 'मँडरिन' टाकून शोधायचं. लिंबाचंही तेच. आपलं छोटं लिंबू मेक्सिकोत 'लिमोन', पण स्पेनमध्ये 'लिमोन' मागितलं तर मोठं पिवळं मिळतं.

शब्द सापडला की तो उलटा शोधा, स्पॅनिशकडून इंग्रजीकडे. परत वेगळाच अर्थ आला तर थांबा. मग देशाची खूण बघा. पेयात घालायची स्ट्रॉ स्पेनमध्ये 'पाखीता', मेक्सिकोत 'पोपोते', चिलीत 'बोंबिया'. आणि स्पेनमध्ये बोंबिया म्हणजे विजेचा बल्ब! नागपूरच्या मिहान औद्योगिक भागातल्या ऑफिसातून मेक्सिकोच्या क्लायंटला लिहिणाऱ्याने ही खूण चुकवून चालत नाही. तरीही शंका उरली तर स्पॅनिश शब्द टाकून फोटो शोधा. फळं, भांडी, अवजारं यांचा निकाल तिथेच लागतो.

रेआल अकादेमिया या स्पॅनिश भाषेच्या अधिकृत संस्थेचा ऑनलाइन कोश जास्त भरवशाचा, पण व्याख्या सगळ्या स्पॅनिशमध्ये. बी-वन, म्हणजे भाषेच्या मध्यम पातळीच्या खाली त्याच्या वाटेला जाऊ नये. लॅटिन अमेरिकेतल्या शब्दांसाठी 2010 चा 'दिक्सिओनारियो दे आमेरिकानिस्मोस' वेगळा आहे, तोही नेटवर फुकट.

वर्डरेफरन्सवर जाहिराती आहेत, त्या सोसायच्या. मोबाईलवर तक्ता दाटतो, फोन आडवा धरला की बरा दिसतो. शब्दाचं लिंग मात्र तिथल्या खुणेवरूनच घ्या, आर्टिकलवरून, म्हणजे नामाआधीच्या 'एल' किंवा 'ला'वरून नको. 'एल आग्वा' लिहीत असले तरी पाणी स्त्रीलिंगी, म्हणून थंड पाणी 'आग्वा फ्रीआ'.