ग्नूकॅशमध्ये वर्षअखेर: 'क्लोज बुक' दाबायचं की नाही?

वर्ष संपलं की ग्नूकॅश हे हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरणारे बहुतेक जण टूल्स मेन्यूत जाऊन 'क्लोज बुक' उघडतात. नावच तसं आहे, त्यांचा दोष नाही. पण छोट्या धंद्याला या बटणाची गरज जवळजवळ कधीच पडत नाही, आणि ग्नूकॅशच्या मार्गदर्शिकेतही तसंच लिहिलेलं आहे. ताळेबंद काढला की आजवरच्या उत्पन्न-खर्चातला फरक 'रिटेन्ड अर्निंग्ज' या ओळीत आपोआप येतो. नफा-तोटा पत्रक तुम्ही दिलेल्या दोन तारखांमधलंच धरतं. 'क्लोज बुक' उत्पन्न-खर्चाची खाती शून्यावर आणतं, पण ती आणली नाहीत म्हणून काही अडत नाही.

अडतं ते माल, कुलूप (जुन्या नोंदी कुणी बदलू नयेत यासाठीची सोय) आणि बॅकअप या तीन ठिकाणी. वर्षअखेरीच्या कामाला हे सॉफ्टवेअर किती उतरतं ते तिथेच ठरतं.

माहीत नसेल त्यांच्यासाठी: ग्नूकॅश हे द्विनोंदी पद्धतीचं (प्रत्येक व्यवहार दोन बाजूंनी लिहायचा) मुक्त आणि मोफत सॉफ्टवेअर आहे. पहिली स्थिर आवृत्ती 1998 ची, पाचव्या मालिकेची सुरुवात 2023 ची. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. दिसायला जुनाट आहे, पण हिशोबाला पक्कं.

सुरुवात प्रेफरन्सेसमधल्या 'अकाउंटिंग पीरियड'पासून करा. वर्षाची पहिली आणि शेवटची तारीख इथे दिली की ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक त्याच तारखा धरून उघडतात. यात एक खोच आहे. ही तारीख हिशोबाच्या फाइलमध्ये नाही, त्या कॉम्प्युटरवरच्या सेटिंगमध्ये राहते. तीच फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली आणि नफा वेगळा दिसला, तर आधी हे तपासा. मागच्या वर्षी घातलेली तारीख तशीच राहून गेली, तर नव्या वर्षातही रिपोर्ट निमूटपणे जुनंच वर्ष दाखवत राहतो, आणि आकडे ओळखीचे वाटल्याने चटकन लक्षात येत नाही.

बँकेची रुजवात, म्हणजे आपल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी ताडून पाहणं, हा ग्नूकॅशचा सगळ्यात चांगला भाग. बँकेचं खातं उघडून 'रिकन्साइल' म्हणायचं, स्टेटमेंटची तारीख आणि अखेरची शिल्लक टाकायची, एकेका नोंदीवर टिक करत जायचं आणि खालचा 'डिफरन्स' शून्य झाला की संपवायचं. डिफरन्स शून्य नसताना फरकाची नोंद टाकून वेळ मारून नेण्याचा मोह आवरा. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा आकडे उलटसुलट पडलेत: 5,410 च्या जागी 5,140 लिहिलं की फरक 270 येतो. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली, तर ती चुकीच्या बाजूला गेलेली असते. आणि रुजवात सुरू करतानाच आरंभीची शिल्लक बँकेच्या आकड्याशी जुळत नसेल, तर चूक या महिन्यात शोधू नका. आधी रुजवात झालेली, म्हणजे रजिस्टरमध्ये 'वाय' खूण असलेली एखादी नोंद नंतर कुणीतरी बदललीय किंवा उडवलीय. बदलताना ग्नूकॅश इशारा देतं, पण अडवत नाही. वर्षाच्या शेवटच्या दिवशी दिलेला पण बँकेत न वटलेला चेक तसाच 'एन'वर (रुजवात न झालेला) राहू द्या. ताळेबंदातली शिल्लक आणि स्टेटमेंटमधली शिल्लक यांत तेवढा फरक असणं बरोबरच आहे.

तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमा शिलकांची यादी, जुळली म्हणून हायसं वाटून घेण्यात अर्थ नाही. ग्नूकॅशमध्ये ती नेहमीच जुळते, कारण अर्धवट नोंदीची उरलेली रक्कम प्रोग्राम स्वतः 'इम्बॅलन्स' नावाच्या खात्यात टाकतो. नोंदींसकट खातं उडवलं तर उरलेल्या बाजूसाठी 'ऑर्फन' खातं तयार होऊ शकतं. खात्यांच्या यादीत ही दोन नावं शोधा. त्यांची शिल्लक शून्य हवी, आणि आतली प्रत्येक नोंद योग्य खात्यात हलवलेली हवी. नुसती शिल्लक शून्य असून भागत नाही: दोन चुका एकमेकींना कापूनही शून्य येतं.

येणी-देणी बघताना बिझनेस रिपोर्टमधले 'रिसीव्हेबल एजिंग' आणि 'पेएबल एजिंग' (येणं आणि देणं किती दिवसांपासून थकलंय त्याच्या याद्या) काढून त्यांची बेरीज ताळेबंदातल्या आकड्याशी ताडून पाहा. इथे घोळ होतो तो दोन कारणांनी. पहिलं, ग्राहकाचे पैसे आले की काही जण ते थेट बँकेच्या रजिस्टरमध्ये येणी खात्यासमोर लिहून टाकतात. 'प्रोसेस पेमेंट'मधून नोंद केली नाही तर ती रक्कम बिलाशी जोडली जात नाही, आणि पैसे मिळालेलं बिल थकीत म्हणून झळकत राहतं. दुसरं कारण तारखांचं. बिल उघडल्याची तारीख वेगळी आणि पोस्ट डेट, म्हणजे ते खात्यांत चढवण्याची तारीख, वेगळी. हिशोबात धरली जाते ती पोस्ट डेटच. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातली बिलं पुढच्या महिन्यात बसून पोस्ट करणार असाल, तर त्या चौकटीतली तारीख वाचल्याशिवाय ओके म्हणू नका. नाहीतर विक्री एका वर्षात आणि तिचा माल दुसऱ्या वर्षात अशी गत होते. चूक झालीच तर 'अनपोस्ट' करून पुन्हा पोस्ट करता येतं.

आता माल. ग्नूकॅशमध्ये स्टॉक सांभाळायची सोय नाही: नग नाहीत, गोदाम नाही, किमान साठ्याचा इशारा नाही. प्रत्यक्ष मोजणी करून वर्षअखेरीला एक हाती नोंद घालावी लागते. समजा मालाच्या खात्यावर आरंभीची शिल्लक 40,000, वर्षभराची खरेदी 3,10,000 आणि ती सगळी खरेदी खर्चात पडलेली. मोजणीत 55,000 चा माल निघाला. मग माल खात्याला 15,000 नावे आणि खरेदी खात्याला 15,000 जमा. माल 55,000 वर येतो आणि विकलेल्या मालाची किंमत 2,95,000 होते. लोक चुकतात ते इथे: पूर्ण 55,000 ची नोंद घालतात, आणि माल 95,000 दिसायला लागतो. मोजणीचं मूल्य खरेदीच्या भावाने धरा, विक्रीच्या नव्हे. पडून खराब झालेला किंवा खरेदीभावालाही न जाणारा माल त्याला येईल त्याच किमतीला धरा. मोजणी वर्षाच्या शेवटच्या दिवशी जमली नाही आणि चार दिवसांनी केली, तर मधली विक्री मिळवून आणि मधली खरेदी वजा करून मागे जायचं. ही विक्रीसुद्धा खरेदीच्या भावानेच मिळवायची. शंभर-दीडशे प्रकारचा माल असेल तर हे स्प्रेडशीटवर निभतं. हजारो वस्तूंच्या दुकानाला ग्नूकॅश घेऊच नये, दुसरं काही बघावं.

घसाऱ्याचंही (वापराने वस्तूची कमी होत जाणारी किंमत) तेच, वेगळी व्यवस्था नाही. पण खात्यांची रचना नीट केली तर त्रास होत नाही. प्रत्येक मोठ्या वस्तूखाली दोन उपखाती ठेवा, एक मूळ किमतीचं आणि एक साठलेल्या घसाऱ्याचं, दोन्ही मालमत्तेच्याच गटात. 1,20,000 चं यंत्र, आयुष्य 5 वर्षं, शेवटी किंमत शून्य धरली तर वर्षाला 24,000, महिन्याला 2,000. वर्षाच्या चौथ्या महिन्याच्या सुरुवातीला घेतलं असेल तर पहिल्या वर्षी 9 महिन्यांचे 18,000. दर महिन्याची नोंद 'शेड्यूल्ड ट्रान्झॅक्शन'वर लावून टाकता येते, आणि शेवटची तारीख देता येते. ती द्याच, नाहीतर आयुष्य संपलेल्या यंत्रावर घसारा चालूच राहतो आणि त्याची किंमत उणे होते. कराच्या हिशोबाचे घसाऱ्याचे दर वेगळे असतील तर ते पुस्तकात मिसळू नका, वेगळ्या कागदावर ठेवा.

आगाऊ भरलेले आणि द्यायचे राहिलेले खर्च हाताने घालायचे. वर्षाच्या दहाव्या महिन्याच्या सुरुवातीला पुढच्या 12 महिन्यांचा विम्याचा हप्ता 24,000 भरला असेल, तर या वर्षाचा खर्च 6,000. उरलेले 18,000 'आगाऊ खर्च' या मालमत्ता खात्यात. शेवटच्या महिन्याचं विजेचं बिल नव्या वर्षात येणार असेल, तर अंदाजाची नोंद वर्षअखेरीच्या तारखेला करा आणि 'अ‍ॅड रिव्हर्सिंग ट्रान्झॅक्शन' वापरून नव्या वर्षाच्या पहिल्या तारखेला तीच नोंद उलटी घाला. खरं बिल आलं की नेहमीसारखं लिहायचं, दोनदा खर्च पडत नाही. उलट्या नोंदीची तारीख तेवढी तपासा. जुन्याच वर्षात पडली तर सगळी मेहनत वाया.

या सगळ्या फेरनोंदींच्या (वर्षअखेरीला हाताने घातलेल्या नोंदींच्या) वर्णनात एकच ठरलेला शब्द घालायची सवय लावा. तेरजेच्या रिपोर्टमध्ये 'वर्क शीट' हा प्रकार आहे. ऑप्शन्समध्ये 'अ‍ॅडजस्टिंग एंट्रीज पॅटर्न'ला तो शब्द दिला की फेरनोंदींआधीचे आकडे, फेरनोंदी आणि नंतरचे आकडे असे वेगळे रकाने मिळतात. तपासणाऱ्याच्या हातात हा एक कागद दिला की निम्मे प्रश्न विचारायचे राहतच नाहीत. इतकी कामाची गोष्ट इतकी लपवून ठेवलेली क्वचितच बघायला मिळते.

तरीही 'क्लोज बुक' वापरायचंच असेल, तर ते काय करतं हे आधी समजून घ्या. तारीख, उत्पन्नाची बेरीज ज्यात टाकायची ते भांडवल गटातलं खातं, खर्चासाठी तसंच खातं आणि वर्णन, एवढंच ते विचारतं. मग उत्पन्नाची सगळी खाती एका नोंदीने आणि खर्चाची दुसऱ्या नोंदीने शून्यावर आणतं. मालकाच्या उचलीला (मालकाने स्वतःसाठी काढलेल्या पैशांना) ते हात लावत नाही, ती भांडवलात वळवायची नोंद तुम्हालाच करायची. नोंदीचं मूळ वर्णन बदलू नका. बंद करायच्या नोंदी वगळण्यासाठी रिपोर्टच्या ऑप्शन्समध्येही वर्णनाचा पॅटर्न असतो. तो जुळला नाही तर पूर्ण वर्षाचं नफा-तोटा पत्रक शून्य दाखवू शकतं. बंद केल्यावर राहिलेलं बिल सापडलं, तर त्या दोन्ही नोंदी उडवा, बिल लिहा आणि पुन्हा चालवा. न उडवता दुसऱ्यांदा चालवलं तर उरलेल्या रकमेची आणखी एक जोडी तयार होते, आणि पुढे कुणालाच ती कळत नाही. फाइल एक्सएमएल प्रकारची असेल तर आधी सेव्ह करून प्रयोग करता येतो, पटलं नाही तर सेव्ह न करता बाहेर. एसक्यूलाइट प्रकारात प्रत्येक नोंद तिथल्या तिथे लिहिली जाते, तिथे ही मुभा नाही.

खरी कमतरता कुलपाची. फाइल मेन्यूतल्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रेड लाइन' आहे. दिलेल्या दिवसांपेक्षा जुन्या नोंदी फक्त वाचता येतात आणि रजिस्टरमध्ये तिथे लाल रेघ दिसते. पण इथे तारीख देता येत नाही, दिवस द्यावे लागतात, आणि ते आजपासून मागे मोजले जातात. वर्ष संपून 90 दिवस झाले असतील तर 89 टाकायचे. आणखी 30 दिवसांनी आकडा तोच ठेवला तर नव्या वर्षाचा पहिला महिनाही कुलपात जातो. म्हणजे दर महिन्याला आकडा वाढवत राहायचं. वर पासवर्ड नाही, कुणीही शून्य टाकून कुलूप काढू शकतो. चुकून हात लागू नये एवढ्यापुरतं ठीक. बदल कुणी केला याची पक्की नोंद ठेवणं ज्यांना कायद्याने बंधनकारक आहे, त्यांना हे पुरणार नाही.

बॅकअपबाबत प्रोग्राम दिसतो त्याहून कमी भरवशाचा. सेव्ह करताना तारीख-वेळ घातलेली प्रत तो त्याच फोल्डरमध्ये ठेवतो, पण मूळ सेटिंगप्रमाणे 30 दिवसांनी जुन्या प्रती आणि लॉग फाइली स्वतःच पुसतो. वर्षअखेरीची प्रत त्यात धरून चालू नका. 'सेव्ह अ‍ॅज' करून बॅकअप घेणं त्याहून वाईट, कारण त्यानंतर उघडी राहते ती नवी फाइल, आणि पुढच्या नोंदी बॅकअपमध्येच पडत जातात. ग्नूकॅश बंद करा, फाइल मॅनेजरमधून प्रत काढा, नावात वर्ष घाला आणि दुसऱ्या डिस्कवर ठेवा. सेव्ह केलेल्या रिपोर्टच्या मांडण्या या फाइलमध्ये नसतात, त्या वापरकर्त्याच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये असतात, तो वेगळा उचलावा लागतो. ताळेबंद, नफा-तोटा, तेरीज, दोन्ही एजिंग आणि खतावणी यांच्या पीडीएफ त्याच दिवशी काढून त्याच जागी ठेवा.

दरवर्षी नवी फाइल सुरू करायचा सल्ला काही जण देतात. तो मानू नका. 'एक्सपोर्ट अकाउंट्स'मधून फक्त खात्यांचा सांगाडा निघतो. ग्राहक, थकीत बिलं, आरंभीच्या शिलका यातलं काहीच पुढे येत नाही, आणि ते हाताने भरताना होणाऱ्या चुका शोधण्यात नव्या वर्षाचा पहिला महिना जातो. एकाच फाइलमध्ये कित्येक वर्षांचा हिशोब सुखाने राहतो. फक्त दोघांना एकाच वेळी त्यात लिहिता येत नाही. दुसऱ्याने उघडली की फाइलला कुलूप असल्याचा निरोप येतो. तिथे 'ओपन रीड-ओन्ली' निवडा. 'ओपन एनीवे' निवडलं तर जो नंतर सेव्ह करेल त्याच्याच नोंदी उरतील.