एंजल कोपऱ्यात जाऊन उभा राहिला की: एपीआय मास्टर टेस्ट किटचं परीक्षण

एपीआय कंपनीचं फ्रेशवॉटर मास्टर टेस्ट किट, म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी घरी तपासायची पेटी, घ्यावं का, याचं एंजल मासे पाळणाऱ्यांसाठी उत्तर सरळ आहे: घ्या, आणि पुढचा मासा आणायच्या आधी घ्या. एंजलची विचित्र वागणूक नुसतं काचेतून बघून ओळखता येत नाही. पाण्याच्या वरच्या थरात येऊन भराभर तोंड उघडझाप करणं, अंग दगडाला किंवा पाइपला घासणं, पंख मिटून कोपऱ्यात उभं राहणं ही तिन्ही लक्षणं अमोनियाने (विष्ठा आणि उरलेल्या खाण्यातून होणारं विष) होतात, नायट्राइटने (जिवाणू अमोनियापासून बनवतात ते पुढचं विष) होतात आणि कल्ल्यांतल्या परजीवींनीही होतात. दुकानात जाऊन सांगितलं की बहुतेक वेळा हातात मिथिलीन ब्लूची बाटली आणि मिठाची पुडी पडते. पण दोष पाण्यातच असेल तर मिथिलीन ब्लू हे औषध फिल्टरमधल्या, अमोनिया संपवणाऱ्या उपयोगी जिवाणूंवरच घाव घालतं, आणि अमोनिया आणखी चढतो. म्हणून आधी चाचणी, मग औषध.

पेटीत सात बाटल्या, झाकणाच्या चार काचेच्या नळ्या आणि रंगांचा तक्ता येतो. चार गोष्टी मोजता येतात: पीएच (पाणी किती आम्ल आहे ते; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट (नायट्राइटपासून शेवटी बनणारा, कमी विषारी पदार्थ). त्यात पीएचच्या दोन बाटल्या आहेत, एक ६.० ते ७.६ साठी आणि दुसरी ७.४ ते ८.८ साठी. आठशेहून जास्त चाचण्या होतात असं कंपनी सांगते. एका टाकीसाठी हा साठा संपण्याआधी मुदतच संपेल, त्यामुळे दोन-तीन मत्स्यप्रेमींनी मिळून एक पेटी घेतली तरी चालतं.

चाचणी करताना घाई नडते. अमोनियासाठी नळीत रेघेपर्यंत, म्हणजे ५ मिली पाणी घ्यायचं, पहिल्या बाटलीचे ८ थेंब आणि दुसऱ्या बाटलीचे ८ थेंब टाकायचे, झाकण लावून हलवायचं आणि ५ मिनिटं थांबायचं. बाटली अगदी उभी उलटी धरायची. तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात आणि आकडा चुकतो. नळीचं तोंड बोटाने दाबून हलवू नका, झाकणच वापरा. पिवळा रंग म्हणजे शून्य, हिरवट झाक आली की ०.२५ पीपीएमपासून (दहा लाखांत इतके भाग) सुरुवात. पिवळ्या बल्बखाली शून्य आणि ०.२५ यातला फरक दिसतच नाही. नळी तक्त्याच्या पांढऱ्या भागाला टेकवून खिडकीच्या उजेडात बघा.

सर्वांत जास्त फसवते ती नायट्रेटची चाचणी. दुसऱ्या बाटलीतला घटक तळाशी बसतो. ती बाटली सणसणीत ३० सेकंद हलवली नाही तर नायट्रेट ४० असताना तक्त्यावर ५ दिसू शकतं. पहिल्या बाटलीचे १० थेंब, मग हलवलेल्या दुसऱ्या बाटलीचे १० थेंब, नळी पूर्ण एक मिनिट हलवायची, मग ५ मिनिटं थांबायचं. महिना-दोन महिने पडून असलेली बाटली आधी टेबलावर दोन-चार वेळा हलकेच आपटून घ्या. नायट्राइटचं काम सोपं आहे: ५ थेंब, ५ मिनिटं, फिकट निळं म्हणजे ठीक आणि जांभळट म्हणजे धोका.

आता आकडा आणि मासा एकत्र वाचायचा. नवीन टाकी पहिल्या चार ते सहा आठवड्यांत असेल, एंजल पृष्ठभागाशी धापा टाकत असेल आणि नायट्राइट ०.५ च्या वर असेल, तर एअर पंप वाढवून फारसा फरक पडत नाही. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतो, पाण्यात हवा असूनही माशाला ती घेता येत नाही. इथे मीठ खरोखर उपयोगी आहे: लिटरला साधारण १ ग्रॅम, आधी बादलीत विरघळवून, हळूहळू. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. सोबत अर्धं पाणी बदला आणि दोन दिवस खाणं बंद ठेवा. ब्लड वर्मचा (माशांना घालायच्या लाल अळ्यांचा) एक तुकडा जास्त पडला तरी तो शेवटी अमोनियाच होतो.

अमोनियाचा आकडा मात्र एकटा वाचू नका, पीएचसोबतच वाचा. हे किट एकूण अमोनिया मोजतं, त्यातला विषारी भाग किती हे पीएच ठरवतो. २७ अंशांच्या पाण्यात पीएच ६.५ असेल तर हजारात जेमतेम दोन भाग विषारी रूपात असतात, पीएच ८ ला शंभरात सहा. आकडा तोच, विष तिसेक पट.

मुंबईकरांनी हा मुद्दा नीट समजून घ्यावा. महापालिकेचं पाणी तलावांतलं, भातसा, वैतरणा, तानसाचं. ते मऊ आहे, म्हणजे त्यात क्षार कमी, आणि एंजलला मानवतं. पण मऊ पाण्यात आम्लता सहन करण्याची ताकद, म्हणजे केएच, कमी असते. महिनोन्महिने पाणी न बदलता फक्त वाफ होऊन उडालेलं पाणी भरत राहिलेल्या टाकीत ती ताकद संपते, पीएच ६ च्या खाली घसरतो आणि फिल्टरचे जिवाणू मंदावतात. अमोनिया साठत जातो, पण कमी पीएचमुळे मासा कसाबसा तग धरतो: रंग काळपट, भूक कमी, हालचाल सुस्त. मग रविवारी कुणीतरी उत्साहाने अर्धी टाकी नळाच्या पाण्याने बदलतं, पीएच एकदम सात-साडेसातवर जातो, आणि तासाभरात सगळे एंजल वर येऊन धापा टाकतात. लोक नळाच्या पाण्याला दोष देतात. प्रत्यक्षात साठलेला अमोनिया तेव्हा विषारी झालेला असतो. या किटवर ही टाकी आधीच ओळखू येते: पीएच तक्त्याच्या तळाचा पिवळा, अमोनिया गडद हिरवा. अशा टाकीत आठवडाभर रोज १० ते १५ टक्केच पाणी बदला.

किटची एक मोठी उणीवही इथेच दिसते. पीएच ६.० च्या खाली गेला तरी रंग पिवळाच राहतो, त्यामुळे ५.८ आणि ५.० सारखेच दिसतात. आणि केएचची बाटली पेटीत नाही. ती वेगळी घ्यावी लागते, आणि मुंबईत ती घ्यावीच. वापर सोपा आहे: निळा रंग पिवळा होईपर्यंत थेंब मोजायचे, एक थेंब म्हणजे एक डिग्री. दोनच्या खाली आला तर फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत मूठभर कोरल चिप्स (पोवळ्याचे तुकडे, ते हळूहळू केएच वाढवतात) ठेवा. खायचा सोडा टाकू नका, पीएच झटक्यात उडतो. सोसायटीत बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर गणित उलटं, तिथे पाणी जड निघू शकतं. त्या घरात दुसरी, वरच्या पल्ल्याची पीएच बाटलीच कामाला येते.

पेटीला दिसतच नाहीत अशा गोष्टीही बऱ्याच आहेत. क्लोरीन त्यातली पहिली. पाणी बदलल्यावर काही मिनिटांत मासे सैरावैरा धावले, अंगावर दुधाळ थर आला आणि अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले, तर टाकीच्या पूर्ण पाण्याच्या हिशेबाने अँटीक्लोरीन घाला आणि हवा वाढवा. सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतलेल्या दिवशी पाणी बदलूच नका. दुसरं, तापमान. मे महिन्यात बंद फ्लॅटमधली टाकी ३२ अंशांवर गेली की पाण्यात ऑक्सिजनच कमी मावतो, धापा त्याच्याही असतात. एसीच्या खोलीत रात्री पाणी २४ च्या खाली गेलं तर एंजल जागच्या जागी थरथरतो. तिसरं, पेस्ट कंट्रोल. फवारणीतली बरीच कीटकनाशकं माशांना जहाल असतात आणि एअर पंप खोलीतली तीच हवा पाण्यात ढकलतो. त्या दिवशी पंप बंद करा, टाकी झाका, फिल्टर मात्र चालू ठेवा.

सगळे आकडे ठीक, तापमान २७, तरीही दोन एंजलनी बाकीच्यांना एका कोपऱ्यात दाबून ठेवलंय? तर फिल्टरचा पाइप किंवा अॅमेझॉन स्वोर्ड या पाणवनस्पतीचं उभं पान बघा. जोडी तो भाग तोंडाने टोचून साफ करत असेल, पोटाखाली लहानशी नळी दिसत असेल (मादीची जाड, बोथट, नराची बारीक, टोकदार), तर हा आजार नाही, अंडी येणार आहेत. एकमेकांच्या ओठांना धरून ओढणं, समोरासमोर अंग थरथरवणं हेही त्यातलंच. सुमारे अडीच दिवसांत अंडी फुटतात. पहिल्या खेपेला आईबाप बऱ्याचदा ती खाऊन टाकतात, त्याने घाबरू नका. लाइट लावल्या क्षणी फिकट पडून तिरका झालेला एंजल पाच-दहा मिनिटांत सरळ होतो, तोही आजारी नाही.

पण पाणी चोख असताना पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा, खाणं तोंडात घेऊन थुंकणं, गोल गिरक्या किंवा एकाच कल्ल्याने श्वास, यापैकी काही दिसलं तर किटचं काम संपलं. तो मासा वेगळ्या टाकीत हलवा आणि माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला विचारा. नवीन एंजल तर किमान चार आठवडे वेगळाच ठेवावा.

स्वस्त म्हणून पाण्यात बुडवून रंग बघायच्या पट्ट्या घेण्याचा मोह होतो. एपीआयच्याच फाइव्ह-इन-वन (एकात पाच चाचण्या) पट्टीत अमोनिया नाही, म्हणजे जे सर्वांत आधी बघायचं तेच नाही. शिवाय पावसाळ्यातल्या दमट हवेत डबी दोनदा उघडी राहिली की पट्ट्या खराब होतात. कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला घेताना पेटीचं सील आणि तारीख बघा, उन्हात शोकेसमध्ये ठेवलेली पेटी घेऊ नका. पूर्ण पेटी परवडत नसेल तर अमोनिया, नायट्राइट आणि केएच या तीन चाचण्या सुट्या घ्या. घरी पेटी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, आणि तपासलेलं पाणी टाकीत परत ओतू नका.