ठिबकच्या आराखड्यात एक्सडेटा: खरड छाटणी ते गोडी छाटणी

द्राक्षबागांच्या ठिबकचे आराखडे काढणं हे माझं काम. ऑफिस नाशकात, पण बागा बहुतेक दिंडोरी-निफाडकडच्या. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सबमेनची (मुख्य पाइपातून फुटणाऱ्या उपनळीची) रेषा ओढायची आणि शेजारी टेक्स्टमध्ये '६३ एमएम, व्हॉल्व्ह ७' लिहायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. रेषा सरकवली की टेक्स्ट जागच्या जागी, आणि मटेरियलच्या यादीत घोळ. एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या सुमारास ही माहिती रेषेलाच चिकटवायला सुरुवात केली; अशा चिकटवलेल्या माहितीला ऑटोकॅडमध्ये एक्सडेटा म्हणतात.

काम सोपं आहे. लिस्प या ऑटोकॅडच्या प्रोग्रामिंग भाषेमध्ये रेगअ‍ॅपने आपल्या अ‍ॅप्लिकेशनचं नाव नोंदवायचं, मग त्या नावाखाली व्यास, व्हॉल्व्ह, झोन ठेवून द्यायचं. पहिल्या रात्री धाबं दणाणलं होतं. एंटगेट (रेषेची माहिती वाचणारी लिस्पची आज्ञा) मारतोय, हाती काही लागत नाही! सगळं पुसलं गेलं म्हणून दुसऱ्यांदा भरलंसुद्धा. एंटगेटला अ‍ॅपचं नाव दिल्याशिवाय तो एक्सडेटा दाखवतच नाही, हे मागून कळलं.

खरा दणका बसला जूनमध्ये. मोजणीचं ड्रॉइंग फुटात आलं होतं. पाइप टाकून झाल्यावर मीटरसाठी सगळं ०.३०४८ ने स्केल केलं. यादी काढली तर ६३ चा पाइप १९.२ एमएमचा! एक्सडेटातल्या प्रत्येक नोंदीला तिचा प्रकार सांगणारा कोड असतो, आणि व्यास मी १०४१ कोडखाली ठेवला होता. तो कोड अंतराचा, रेषेबरोबर तोही स्केल होतो. साधा आकडा १०४० मध्ये ठेवायचा असतो. दोष सॉफ्टवेअरचा नाही, घाई माझी. दुकानदाराकडे यादी गेली नव्हती, एवढंच नशीब.

कॉपीचं दुखणं मात्र अजून आहे. रेषा कॉपी केली की एक्सडेटाही जसाच्या तसा येतो, म्हणजे एकाच बागेत दोन 'व्हॉल्व्ह ७'. म्हणून प्रिंटआधी डुप्लिकेट नंबर शोधणारी लिस्प चालवतो.

एका रेषेवर सगळ्या अ‍ॅप्सचं मिळून १६ केबीच मावतं. पाइपाला ते चिक्कार झालं. व्हॉल्व्हचं पाण्याचं वेळापत्रक मात्र लांबतं, ते एक्सरेकॉर्डमध्ये, म्हणजे ड्रॉइंगमधल्याच वेगळ्या नोंदीत, टाकतो.

फायदा विचाराल तर ऑक्टोबरात, गोडी छाटणीच्या धांदलीत, एका गिऱ्हाइकाने तीनदा झोन बदलले. पूर्वी अर्धा दिवस टेक्स्ट दुरुस्त करण्यात गेला असता. यावेळी व्यासानुसार पाइपांची लांबी चहा संपायच्या आत बेरीज होऊन आली. फाइल त्यांच्याकडे गेल्यावर मात्र त्यांचा फोन, "भाऊ, यात माहिती कुठंय?" प्रॉपर्टीजमध्ये एक्सडेटा दिसत नाही ना! तेव्हा शेतकऱ्याला द्यायच्या प्रतीवर टेक्स्ट अजूनही लिहितोच, फक्त आता ते लिस्प लिहिते.